मावशीचे पंधरा हजार

जमिनीची मोजणी करून नकाशे काढून देणाऱ्या एका कार्यालयात तो बावीस वर्षं नोकरीला होता. हाताखाली माणूस नाही, घरचा पैसा नाही, पगार बेताचाच. तरी ऑफिसात सगळे त्याला ‘शेठ’ म्हणायचे. कारण चहाचं बिल आलं की पहिला हात त्याचा. कुणाला बढती मिळाली, कुणी घर घेतलं, की भेटवस्तूसाठी यादी फिरायची आणि त्या यादीत सगळ्यांत मोठा आकडा शेठचा असायचा. ‘राहू दे रे, मी बघतो,’ हे त्याचं पालुपद. ते म्हणताना त्याला जे बरं वाटायचं, ते दुसऱ्या कशातच वाटत नसे.

हे सगळं चालायचं क्रेडिट कार्डावर. एक कार्ड भरलं तेव्हा त्याने दुसरं घेतलं. दोन्ही भरली तेव्हा बँकेचं कर्ज काढून ती रिकामी केली, आणि रिकामी झाली म्हणून पुन्हा वापरायला काढली. घरात कुणी आजारी पडलं नव्हतं, धंदा बुडाला नव्हता, कुणी फसवलं नव्हतं. पुढे त्याला याचीच जास्त लाज वाटायची. आजारपण असतं तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं.

त्याची बायको एका बेकरीच्या काउंटरवर काम करायची. एका दुपारी वसुलीवाल्याचा फोन थेट बेकरीत आला, कारण कर्जाच्या अर्जावर शेठने दुसरा नंबर म्हणून तोच लिहिला होता. मालकाने गिऱ्हाइकांच्या रांगेसमोरच तिला हाक मारून फोन दिला. संध्याकाळी ती घरी आली, चपला काढल्या, हात धुतले आणि विचारलं, “एकूण किती?”

“दोनेक लाख.”

ती पाणी प्यायली. “एकूण किती, विचारलं मी.”

“तीनच्या आसपास.”

“नीट आठवून सांगा.”

“चार लाख वीस.”

तीन वेळा विचारलं आणि तीन वेळा आकडा वाढला. चौथ्यांदा तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मावशीचे पंधरा हजारही त्याच्या तोंडून बाहेर पडले असते. कदाचित.

दुसऱ्या दिवशी तिने मुलीची अर्धी कोरी उरलेली भूगोलाची वही घेतली आणि पट्टीने रकाने आखले. भाडं, किराणा, वीज, शाळा, हप्ते. शेवटच्या रकान्यापाशी ती जरा थांबली आणि वर लिहिलं, ‘शेठ’. हे नाव तिला कुठून कळलं, ते विचारायची त्याची छाती झाली नाही.

दर रविवारी सकाळी चहा झाला की तिघं टेबलापाशी बसायची. आठवड्याचा खर्च प्रत्येकाने तोंडाने सांगायचा आणि तिने लिहायचा. बारा वर्षांची मुलगी ताठ बसून सांगायची, “पेन्सिल दहा, वहीचं कव्हर पाच.” बायको स्वतःचं सांगायची, त्यात तिने स्वतःसाठी घेतलेलं फारसं काही नसायचंच. तिने केस रंगवणं बंद केलं होतं. बेकरीतला कडा मोडलेला पाव ती निम्म्या भावात आणायची आणि तोही मांडायची. मग दोघी त्याच्याकडे बघायच्या. “बस, रोज चाळीस. चहा, रोज वीस,” तो वहीकडे बघत सांगायचा. बायको टोमणा मारत नसे, आदळआपट करत नसे, नुसती लिहून घ्यायची. तिने एकदा घसा फोडून भांडावं, असं त्याला फार वाटायचं. पण ती अक्षर न बिघडवता लिहीत राहायची, आणि बापाच्या तोंडून हिशेब ऐकताना मुलगी नखं कुरतडायची.

आता मावशीचं सांगायला हवं.

मावशी म्हणजे ऑफिसात झाडलोट करणारी, टेबलं पुसणारी, सकाळी कुलूप उघडणारी आणि अकरा वाजता चहा देणारी बाई. साठीला टेकलेली. वरचे दात हलायला लागले म्हणून तिने ते सगळे काढून घेतले होते आणि कवळीसाठी पैसे साठवत होती. फोन बेकरीत यायच्या आधी वर्षभराची गोष्ट. एका सहकाऱ्याच्या निरोपाचं जेवण होतं. शेठने दोन दिवस आधीच जाहीर करून टाकलं होतं, “जेवण माझ्याकडून.” आणि त्या सकाळी हॉटेलला आगाऊ रक्कम भरायला गेला तर दोन्ही कार्डांनी मान टाकली. बारापर्यंत पैसे पोचवले नाहीत तर जेवण रद्द होणार होतं. तो घाम पुसत ऑफिसात आला. मावशी एकटीच फरशी पुसत होती.

“मावशी, पंधरा हजार होतील का? परवा सकाळी हातात देतो.”

तिने कापडाच्या पिशवीतून पाकीट काढलं. “दातांचे आहेत, साहेब. पुढल्या आठवड्यात माप द्यायला जायचंय.”

“परवा म्हणजे परवा.”

जेवण झकास झालं. सगळ्यांनी शेठच्या नावाने टाळ्या वाजवल्या. मावशीनेही टाळ्या वाजवल्या आणि तोंडावर हात धरून हसली.

परवा गेला, आठवडा गेला, वर्ष गेलं. मावशीने एकदाही विचारलं नाही. उलट ती त्याच्याकडे बघायचंच टाळू लागली. चहाचा कप त्याच्या टेबलावर ठेवताना नजर खिडकीकडे. लाज वाटायला हवी होती त्याला, पण ती अंगावर घेऊन वावरत होती बिचारी मावशीच. जेवणाच्या सुट्टीत ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पोळीचे बारीक तुकडे पाण्यात भिजवायची आणि हळूहळू गिळायची. त्याचं टेबल नेमकं समोर होतं. तो डबा घेऊन नकाशांच्या खोलीत जेवायला जाऊ लागला.

वही सुरू झाली आणि त्याची वेगळीच पंचाईत झाली. वहीत पैन् पैचा हिशेब. मावशीला काही द्यायचं म्हणजे ते वहीत यायला हवं, आणि वहीत यायचं म्हणजे बायकोला सांगायला हवं की मी झाडूवाल्या बाईकडूनही पैसे घेतलेत. बँकेचं कर्ज सांगताना जीभ जड झाली होती. हे सांगायला जीभच उचलेना. मग त्याने एक मार्ग काढला. बसने जायचं सोडून दिलं. रोज जाऊन-येऊन दोन तास चालायचा आणि रविवारी सांगायचा, “बस, चाळीस.” चहा सोडला आणि सांगायचा, “चहा, वीस.” ते साठ तो ऑफिसच्या खणात, जुन्या कंपासच्या डब्यात टाकायचा.

सहा महिन्यांत आठ हजार सहाशे जमले. जमतील तसे मावशीला देता आले असते. पण पाचशे-हजार असे चिल्लर हातावर ठेवायचे, हे त्याला कसंतरीच वाटायचं. पंधराच्या पंधरा एकदम पाकिटात घालून, वर मिठाईचा पुडा ठेवून द्यायचे, असं त्याच्या मनात होतं. शेठ काही अजून अंगातून गेला नव्हता.

आणि मग बसवाल्यांनी तीन दिवस संप केला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तो तसाही चालतच जात होता. रस्त्यावर गर्दी जास्त आहे एवढंच त्याला जाणवलं. सोमवारी बँकेचा हप्ता होता, म्हणून शनिवारी तो कंपासचा डबा पिशवीत घालून घरी घेऊन आला होता. वेळ पडली तर त्यातून भरता येईल म्हणून. रविवारी नेहमीसारखा बसला.

“बस, चाळीस. सहा दिवस.”

बायकोने पेन खाली ठेवलं. “बुधवारी बस होती?”

“होती की.”

“आमच्या दुकानातल्या दोघी चालत आल्या, पायाला फोड घेऊन. तुम्हाला कुठली बस मिळाली?”

मुलीने नख तोंडातून काढलं.

“बाबा, संप होता,” ती हळूच म्हणाली, जणू त्याला परीक्षेत उत्तर सुचवावं तशी.

“नवीन कुणाकडून घेतलेत?” बायकोने विचारलं. “सांगून टाका. आज पाचव्यांदा, सहाव्यांदा विचारायला लावू नका.”

तो उठला, पिशवीतून डबा आणला आणि टेबलावर उपडा केला. दहा-वीसच्या नोटा, नाणी, सगळं वहीवर पसरलं.

“नवीन नाहीत. जुने आहेत. मावशीचे.”

“माझ्या मावशीकडून घेतलेत?”

“नाही. ऑफिसातल्या.”

बायकोला समजायला थोडा वेळ लागला. एकदा ऑफिसच्या कार्यक्रमात तिने मावशीला पाहिलं होतं. “ती तोंडावर हात धरून हसते ती?”

त्याने मान हलवली आणि सगळं सांगितलं. निरोपाचं जेवण, दातांचं पाकीट, परवाचा वायदा, पाण्यात भिजवलेली पोळी, खोटी बस, खोटा चहा. मुलगी तिथेच होती. तिला आत जायला सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण तो बोलला नाही.

“आणि हे सहा महिने डब्यात ठेवलेत?” बायकोचा आवाज पहिल्यांदाच चढला. “ती बाई रोज तुमच्यासमोर पोळी भिजवून खातेय आणि तुम्ही साठवताय?”

“सगळे एकदम द्यायचे होते.”

“एकदम! वाजतगाजत!” तिने नोटा गोळा करून पाकिटात कोंबल्या. “उठा. आत्ता जायचं. ऑफिसात नाही, तिच्या घरी.”

मुलीला शेजारी ठेवून दोघं निघाली. मावशीचं घर गॅरेजांच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी बायको थांबली. “वर तुम्हीच जा.”

दार उघडंच होतं. मावशी जमिनीवर बसून लसूण सोलत होती आणि तिची सून गणवेशाला इस्त्री करत होती. त्याला बघून मावशी दचकली, आणि मग घाईघाईने बोलायला लागली, “अगं, हे ऑफिसातले साहेब. किल्ली न्यायला आले असतील. रविवारचं काम निघालं ना, साहेब?”

ती डोळ्यांनी त्याला खुणावत होती. हो म्हणा, किल्ली घ्या आणि जा. तिने त्याला सुटायला वाट करून दिली होती. क्षणभर त्याला ‘हो’ म्हणावंसं वाटलंही.

“किल्ली नकोय,” तो म्हणाला आणि पाकीट पुढे केलं. “मावशींचे पंधरा हजार मी घेतले होते. दीड वर्षापूर्वी. यात आठ हजार सहाशे आहेत.”

सुनेने इस्त्री उभी केली. “पंधरा? ते तर बसमध्ये मारले ना कुणीतरी?” ती सासूकडे वळली. “तुम्हीच सांगितलंत, पिशवी कापली म्हणून!”

मावशी लसणाची सालं गोळा करत राहिली. सुनेच्या पुढच्या बोलण्यावरून हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. मावशीने घरी पैसे चोरीला गेल्याचं सांगितलं होतं. तेव्हापासून सून तिला वेंधळी म्हणायची, सगळा पगार स्वतःकडे ठेवायची आणि रोज सकाळी तिच्या हातावर बसभाड्यापुरते मोजून ठेवायची. म्हणजे दीड वर्ष ही बाई त्याच्या ‘परवा’पायी स्वतःच्या घरात चोरासारखी राहिली होती. जमीन दुभंगावी असं माणूस उगाच म्हणत नाही, हे त्याला त्या उंबऱ्यात उभं असताना कळलं.

“कशाला बोललात?” मावशी एकदम उसळली. दातांविना शब्द फुटत होते. “मी मागितले होते? आता हिच्यापुढे मी खोटारडी ठरले!”

“माझी चूक आहे, मावशी.”

“ते आहेच.”

सूनबाई व्यवहारी होती. तिने नोटा दोनदा मोजल्या आणि विजेचं जुनं बिल उलटं करून त्याच्यापुढे धरलं. “उरलेले सहा हजार चारशे कधी देणार? तारखा घाला आणि सही करा.” सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या जमिनीच्या हद्दी त्याने सरळ रेषेत आखल्या होत्या, त्या बिलामागे पाच तारखा मात्र तिरक्या उतरल्या. बसा असं कुणी म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी वहीत ‘शेठ’वर काट मारून तिथे ‘मावशी’ लिहिलेलं दिसलं.

पाच महिने, दर पहिल्या रविवारी, तो तीन जिने चढला. सून दारातच पैसे घ्यायची आणि बिलावर खूण करायची. मावशी समोर यायची नाही. ऑफिसात मात्र तिचं वागणं बदललं. चहाचा कप ती आता जरा आपटूनच ठेवायची, आणि त्याला ते आधीपेक्षा बरं वाटायचं. कवळी आली ती नीट बसली नाही, हिरड्या सोलायची. दोनदा घासून आणावी लागली. हाडं आकसली होती, उशीर झाला, असं दातांच्या डॉक्टरने सांगितल्याचं ती दुसऱ्या कुणाला तरी सांगत होती. ते त्याने ऐकलं. त्याची भरपाई कुठल्या रकान्यात करायची, हे त्याला आजवर उमगलेलं नाही.

बँकेचं कर्ज फिटायला आणखी तीन वर्षं लागली. ऑफिसात नवी माणसं आली, जुनी निवृत्त झाली, मावशीही गेली. एका दुपारी नुकतीच लागलेली एक मुलगी त्याच्या टेबलापाशी आली. “सर, घरखर्चाचा हिशेब कसा ठेवायचा, शिकवाल? सगळे म्हणतात, तुमच्यासारखा काटेकोर माणूस या ऑफिसात नाही.”

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने हातातली पेन्सिल उगाचच तासायला घेतली.

“हिशेब बायको ठेवते,” तो म्हणाला. “मी फक्त विचारलं की खरं सांगतो. तेसुद्धा उशिरा शिकलो.”