करड्या मानेचा कावळा

सुरुवातीलाच सांगून टाकते – माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही, आणि हे वाचून कुणी "बघा, आता पटलं ना?" म्हणायला आलं तर भांडायची माझी पूर्ण तयारी आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. समोरचा जे छातीठोकपणे सांगतो ते कुठे फसतं हे शोधायचा मला पगार मिळतो. तरी हे लिहितेय, कारण जे झालं ते झालं, आणि मी पळपुटी नाही.

साल २००६, मे महिना. मी तेव्हा मँचेस्टरला होते. माझ्याबरोबर घर शेअर करायची संपदा, मूळची सांगलीची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. आणि आमची तिसरी मैत्रीण नीना, जन्मापासून लेस्टरची. तिचं मराठी म्हणजे सगळे पुरुष बायका आणि सगळ्या बायका पुरुष. क्रूझ तिनेच बुक केली. आमच्या तिघींचीही पहिलीच. क्रूझ म्हटल्यावर मी आणि संपदाने काय काय मनात आणलं होतं – स्विमिंग पूल, संध्याकाळी डान्स... मी तर जरीची साडी नेली होती! स्कॉटलंडला मॅलेगच्या धक्क्यावर पोचलो तर समोर मासेमारीची जुनी बोट, रंगरंगोटी करून पॅसेंजरसाठी केलेली. आठ प्रवासी, दोन टॉयलेट. "मी सांगितला होता ना, स्मॉल शिप," नीना म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

पण खरं ते खरं. बोट नॉयडार्टच्या किनाऱ्याने निघाली, आणि त्या किनाऱ्याला बाहेरून रस्ताच नाही. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, तासन् तास एक घर दिसत नाही, खडकांवर सील लोळतायत... साडीचं दुःख मी दुसऱ्याच दिवशी विसरले.

आता मुद्द्याचं. आदल्या वर्षी संपदाचे बाबा गेले. तिचा पासपोर्ट तेव्हा व्हिसा वाढवायला दिलेला होता, त्यामुळे तिला जाता आलं नाही. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. अडीच तास सगळे ताटकळले. नातेवाइकांनी हात जोडून कबूल करायचं ते सगळं कबूल करून झालं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून तोच पिंडाला लावला. आणि त्या रात्री तिच्या भावाने, विनयदादाने, फोनवर तिला ऐकवलं की बाबांचा जीव तुझ्यात अडकला होता, तू आली नाहीस, म्हणून कावळा शिवला नाही. ती पोरगी वर्षभर तेवढंच घेऊन बसली होती. दादाशी बोलणं बंद, जेवण अर्ध्यावर, झोप नाही. मला त्या दादाचा असा संताप यायचा! अरे, कावळा आला नाही म्हणजे त्याला भूक नव्हती, संपला विषय.

पण मीसुद्धा काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. काका, म्हणजे संपदाचे बाबा, जायच्या अकरा दिवस आधी त्यांचा आमच्या घरी फोन आला होता आणि तो मी उचलला होता. संपदा ड्यूटीवर होती. काका म्हणाले, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, पण तिला सांगू नकोस. कळलं तर ती अर्ज मागे घेऊन पासपोर्ट परत मागेल, निघून येईल, आणि मग नोकरीही जाईल. मी का-कू करायला लागले तर म्हणाले, "मीच तिला येऊ देत नाहीये असं समज. शब्द दे." मी दिला. ते गेल्यावर तरी मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. "तेव्हाच का नाही सांगितलंस?" असं तिने विचारलं असतं. घाबरले, दुसरं काही नाही. एकीकडे दादाला शिव्या घालत होते आणि दुसरीकडे तिच्या शेजारी बसून मूग गिळत होते.

चौथ्या दिवशी सकाळी आमची बोट लॉख हूर्नमध्ये नांगरून होती. लॉख म्हणजे इथे समुद्राचा आत घुसलेला लांबलचक फाटा. डेकवर नाश्ता चालला होता आणि एक कावळा येऊन सरळ एका आजोबांच्या प्लेटमधलं बेकन घेऊन गेला. मँचेस्टरचे कावळे काळेकुट्ट. हा करड्या मानेचा. कॅप्टन हसून म्हणाला की याला इकडे हूडी म्हणतात, वाट्टेल ते खातो. संपदाचा हात मात्र कपावरच थांबला होता.

"वैशू, हा आपला कावळा आहे," ती म्हणाली.

यातली गंमत सांगते. मँचेस्टरला मागच्या अंगणात तिने दोनदा दहीभात ठेवला होता. दोन्ही वेळा कावळे आले, चाटूनपुसून खाऊन गेले. हिने ते धरलेच नाहीत! का, तर ते काळे, इंग्रज कावळे, त्यांना आपलं काय कळणार. आता हा स्कॉटिश पक्षी केवळ करड्या मानेवर आमचा झाला.

तिने स्वयंपाकघरातून भात आणि दही मागून घेतलं. छोट्या होडीतून कॅप्टनने आम्हा तिघींना किनाऱ्यावर सोडलं आणि तासाभराने न्यायला येतो म्हणाला. पाण्यालगतच्या सपाट दगडावर संपदाने दहीभाताची मूद ठेवली, हात जोडले, आणि आम्ही मागे सरकलो. कावळा आला. शेजारच्या खडकावर बसला. आणि बसूनच राहिला.

पंधरा मिनिटं झाली. मग माझ्यातली टेस्टर जागी झाली. नीनाच्या खिशातलं बिस्किट मी दुसऱ्या दगडावर ठेवलं – खाल्लं. डब्यात उरलेला दहीभात, त्याच भांड्यातला, बिस्किटाच्या जागी ठेवला – तोही खाल्ला! मग मुदीजवळ, अगदी वीतभर अंतरावर, बिस्किटाचा तुकडा ठेवला. महाराज आले, तुकडा उचलला, मुदीकडे मान तिरकी करून पाहिलं आणि परत खडकावर.

संपदा एकेक कबूल करत होती. दादाशी बोलेन. आईला इकडे घेऊन येईन. नीट जेवेन. कावळा ढिम्म. आणि भरती चढत होती. पाणी मुदीपासून हातभर राहिलं, तेव्हा ती मटकन खाली बसली.

"म्हणजे दादा खरं बोलला," ती म्हणाली. "बाबा माझ्यावर रागावूनच गेले."

हे मला ऐकवेना. तिच्या पाठीमागे उभी राहून मी मनातल्या मनात म्हटलं – काका, तुम्हाला दिलेला शब्द मी मोडते. आजच सांगते तिला. चालेल?

कावळा उतरला. मुदीवर चोच मारली. एकदा, दोनदा, मग घाईघाईने खायलाच लागला. लाट दगडावर आली तेव्हा जेमतेम चार शितं उरली होती. संपदा हमसून हमसून रडत होती आणि म्हणत होती की आईला आणते म्हटलं ते बाबांना पटलं बघ.

आता मला गप्प बसायची सोय होती. कावळा खाऊन गेला, तिचं समाधान झालं, कुणाला काही कळलं नसतं. पण मी कावळ्याला भीत नाही, आणि काकांना आत्ता दिलेल्या या दुसऱ्या शब्दाला जागते. होडी यायच्या आत तिथेच दगडगोट्यांवर उभ्या उभ्या मी तिला सगळं सांगितलं. फोन, काका, अकरा दिवस.

"माझं एक वर्ष खाल्लंस तू," ती एवढंच म्हणाली. बरोबरच होतं. उरलेले दोन दिवस एकाच केबिनमध्ये, वरच्या आणि खालच्या बंकवर, ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. बिचारी नीना मधल्या मधे निरोप पोचवत होती.

परत मॅलेगला उतरल्यावर संपदा सामान टाकून सरळ फोनबूथमध्ये गेली. काचेचं दार अर्धवट उघडं होतं म्हणून मला ऐकू आलं. "दादा, मी आले नाही असं नाही. बाबांनी मला येऊ दिलं नाही." मग ती पलीकडचं ऐकत राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. माझ्या हातातली तिची बॅग घेतली आणि म्हणाली, "दादा रडला. तुझा नंबर मागत होता. बाबा शेवटचं काय काय बोलले ते त्याला तुझ्याकडून ऐकायचंय."

आता तुमची स्पष्टीकरणं. पक्षी माणसांना बिचकतो, ठीक. दही आंबट असेल, पण मग डब्यातलं कसं खाल्लं? भरतीचं पाणी जवळ आलं म्हणून घाई केली, हे मी स्वतःच स्वतःला शंभरदा सांगितलंय. पण संपदा मोठ्याने बोलत होती इतका वेळ, आणि तो हलला नाही. माझे तर ओठसुद्धा हलले नव्हते. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते नाही म्हणून मी देवळात जाऊन बसणार नाही. विनयदादाला मात्र त्याच आठवड्यात फोन केला, आणि काकांचा एकेक शब्द सांगितला.