कोणी केलं, हे नंतर

टेस्ट ट्यूबवर नाव होतं सुमन जाधव, आणि आतलं रक्त बी पॉझिटिव्ह. खिडकीपलीकडे तिचा नवरा उभा होता. त्याने सगळी फाइलच माझ्या हातात दिली होती. तीत नऊ वर्षांपूर्वीच्या एका ऑपरेशनचं कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं, ए पॉझिटिव्ह. माणसाचा रक्तगट असा बदलत नाही. दोन्हींपैकी एक चूक होतं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी बनारसच्या एका खासगी हॉस्पिटलच्या रक्तपेढीत टेक्निशियन आहे. तेवीस वर्षं. काम असं: वॉर्डातून मरीजाचं थोडं रक्त येतं, त्याला सॅम्पल म्हणतात. आम्ही त्याचा गट काढतो, जुळणारी पिशवी निवडतो आणि दोन्हींचे नमुने एकत्र करून जमतंय का ते बघतो. जमलं तर पिशवी वर जाते. चुकीच्या गटाचं रक्त चढवलं तर शरीर ते फोडतं, मूत्रपिंडं बंद पडतात, माणूस दगावू शकतो. सुरुवातीचे थोडे मिलिलिटरसुद्धा पुरतात.

जाधव पतिपत्नी साताऱ्याकडचे. काशीयात्रेला आले होते. दशाश्वमेधच्या पायऱ्यांवर बाई घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. एक वाजता ऑपरेशन होतं. जाधवांनी माझ्या कोटावरचं नाव वाचलं.

"देशपांडे? म्हणजे आपलेच की! आता काळजी मिटली बघा."

माझी तेव्हा सुरू झाली होती.

इथे माझ्या वाचनाबद्दल सांगायला हवं, कारण चूक तिथून झाली. मला रहस्यकथांचा नाद आहे. गुन्हेगार कितव्या पानावर ओळखला, ते मी वहीत लिहून ठेवतो. साठ पुस्तकांत एक्केचाळीस वेळा बरोबर आलो आहे. थरारक कादंबऱ्या मला पटत नाहीत, त्यांत योगायोग फार. ऐतिहासिक कादंबरी मी टाळतो, कारण तिची खरंच भीती वाटते. शेवट आपल्याला माहीत असतो. आतल्या माणसांना नसतो, आणि आपल्याला त्यांना हाक मारता येत नाही.

तर, मी गट पुन्हा तपासला. बीच आला. म्हणजे ट्यूबमध्ये दुसऱ्याच कोणाचं तरी रक्त होतं. लेबल कोणी लावलं? अक्षर मला वॉर्डातल्या दुबे सिस्टरचं वाटलं. तिचं नि माझं यापूर्वी दोनदा वाजलं होतं. संशयित आधी ठरला, पुरावे मी नंतर गोळा केले. फ्रिजमधून सकाळच्या अकरा ट्यूब काढून ओळीने मांडल्या. अक्षर, शाई, वेळ, सगळं ताडून पाहिलं. मग वॉर्डात फोन केला.

"दुबेजी, सकाळी आठ वाजता सॅम्पल तुम्ही घेतलंत?"

"मी नऊला आले. का? जासूस बन गए क्या, देशपांडेजी?"

मी वहीत लिहिलं: खोटं बोलते.

अकरा पस्तीसला आमच्या डॉक्टर मॅडम आत आल्या. टेबलावर ट्यूबची रांग बघून थांबल्या. मी त्यांना सगळं क्रमाने सांगू लागलो. थोडा अभिमानही होता. त्यांनी निम्म्यातच हात वर केला.

"कौन किया, ये बाद में. इसमें खून किसका है?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जाधवबाईंच्या नावावर दुसऱ्याचं रक्त आलं असेल, तर बाईंचं रक्त त्या दुसऱ्याच्या नावावर गेलं असणार. त्याचा गट आम्ही ए धरला असणार. त्याला ए गटाची पिशवी दिली असणार.

रजिस्टर उघडलं. तोच वॉर्ड, तीन खाटा सोडून. रामनगरचे यादव, पोटात रक्तस्राव. गट ए. पिशवी दिली, दहा पंचावन्न. बाहेर पडलेली पिशवी अर्ध्या तासात चढवायला घ्यायची असा नियम आहे. चाळीस मिनिटं होऊन गेली होती.

मॅडमनी फोन उचलला. वॉर्डाचा फोन एंगेज होता.

मी पळालो. तीन मजले, चौपन्न पायऱ्या. शेवट मला माहीत होता. खाटेवरच्या माणसाला नव्हता.

यादवांची खाट रिकामी होती.

"यादव कुठे?" मी विचारलं.

दुबे वळली. "सोनोग्राफीला नेलंय. तिथे लाइन आहे, अजून नंबर नाही लागला."

"पिशवी?"

तिने ट्रेकडे बोट दाखवलं. पिशवी भरलेली होती. सील शाबूत. मी ती उचलून पोटाशी धरली.

"अरे, अरे! आता लावायची आहे ती!"

मी रिकाम्या खाटेवर बसलो. "पानी दूँ?" दुबेने विचारलं. तिनेच दिलं.

सोनोग्राफीची रांग लांब होती म्हणून एक माणूस वाचला. थरारक कादंबरीत हे असं आलं असतं तर मी पुस्तक मिटून ठेवलं असतं.

दोघांची सॅम्पल पुन्हा घेतली, लेबलं खाटेजवळच लावली. जाधवबाई ए, यादव बी. सकाळी दोन्ही रक्तं पाठोपाठ काढून नावं नंतर टेबलावर जाऊन चिकटवली होती. हे करणारी सिस्टर रात्रपाळीची, आठनंतर घरी गेलेली. दुबे खरोखरच नऊला आली होती. मी तिची माफी मागितली.

मॅडमनी दोन्ही घरांना खरं काय ते सांगितलं. यादवांचा मुलगा खूप ओरडला. तो त्याचा हक्क होता. जाधवांनी माझा हात धरला. "तुम्ही होता म्हणून." मग अक्षर ताडण्यात मी घालवलेल्या पंचवीस मिनिटांचंही त्यांना सांगितलं. त्यांनी हात सोडला. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन साडेतीनला नीट झालं.

माझा रिपोर्ट चार पानांचा झाला होता. मॅडमनी अकरा ओळी ठेवल्या. अक्षराची तुलना पूर्ण काढली.

रहस्यकथेत पहिल्याच पानावर माणूस मेलेला असतो, म्हणून कोणी केलं हे शोधायला तिथे सवड असते. आमच्याकडे तो अजून जिवंत असतो. आता गट जुळला नाही की मी आधी सगळ्या पिशव्या थांबवतो आणि दुसरा मरीज शोधतो. दोन मिनिटं लागतात. चूक कोणाची होती, ते बहुतेक वेळा मला कळतच नाही.