वहीतलं स्थिर पाणी आणि दोन सायकली

कालव्याच्या भिंतीवर ठरावीक अंतराने एक उभी, आकडे रंगवलेली पट्टी असते. पाणी तिच्यावर कुठवर आलंय ते बघायचं, वहीत लिहायचं आणि पुढच्या पट्टीकडे निघायचं. हे काम एकतीस वर्षं करणाऱ्या माणसाला लोक पट्टीवाले म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं.

पट्ट्या एकूण अकरा. पहिल्या चार डांबरी रस्त्याच्या कडेला. उरलेल्या सात कालव्याच्या भरावावर. म्हणजे खडी, माती आणि मध्येच कुणीतरी उदार मनाने ओतलेला विटांचा चुरा. रोज चोवीस किलोमीटर सायकल. पाणी कालच्याइतकंच असलं तर आकडा न लिहिता 'स्थिर' लिहायची खात्याची पद्धत होती. हा शब्द पट्टीवाल्यांना इतका आवडे की तो घरातही आला. "ताप कसा आहे?" "स्थिर." "आणि तुमच्या ताईचा राग?" "चढता." संध्याकाळी सायकल भिंतीला टेकली की आतून बायको विचारायची, "आज किती?" ते शेवटच्या पट्टीचा आकडा सांगायचे. त्या आकड्याचं ती काय करायची देव जाणे, पण तो कळल्याशिवाय चहाचं आधण ठेवत नसे.

ती गेली त्याला पाच महिने झाले. पट्टीवाले रडले नाहीत. एखादं पत्र पेटीत टाकायचं राहून जातं, तसं ते राहून गेलं. सुट्टी संपली, ते कामावर गेले, अकरा पट्ट्या पाहिल्या, वही भरली, घरी आले, जेवले, झोपले. कुणी विचारलं, "कसे आहात?" की सांगायचे, "स्थिर." माणूस सावरला असं लोकांना वाटलं.

मग एका शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे तरुण इंजिनियर. पट्टीवाल्यांना मुलगा असता तर याच वयाचा असता.

"पट्टीवाले, मागच्या आठवड्यात दुरुस्तीसाठी कालवा चार दिवस बंद होता. आत थेंब नव्हता."

"हो का?"

"तुमच्या वहीत चारही दिवस स्थिर लिहिलंय."

पट्टीवाल्यांनी वही पाहिली. अक्षर त्यांचंच होतं, चांगलं वळणदार. "गेलो होतो मी साहेब," ते म्हणाले. आणि खरंच गेले होते. अकराही पट्ट्यांसमोर उभे राहिले होते. समोर पाणी नाही, एवढं मात्र ध्यानात आलं नव्हतं.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "सोमवारपासून ऑफिसात बसा. टेबल आहे, पंखा आहे, दुसऱ्यांच्या वह्यांतले आकडे उतरवायचे. शिवाय तुमची सायकलही मोडलीय म्हणे."

मोडली होती. परवा फ्रेमच तडकली होती. पण टेबलावर बसलो तर घरी गेल्यावर 'आज किती'चं उत्तर आपल्याकडे नसेल, असं पट्टीवाल्यांच्या डोक्यात आलं. विचारणारं कुणी नाही, हे त्यानंतर आलं.

"सायकल घेतली तर?" त्यांच्या तोंडून निघालं.

साहेबांनी वही मिटून त्यांच्या हातात दिली. "सोमवारी सायकल असेल तर कालवा. पण असं स्थिर पुन्हा एकदा जरी दिसलं ना, तर टेबल. मग मला काही सांगायचं नाही."

शनिवारी ताई त्यांना दुकानात घेऊन गेली. ताई म्हणजे थोरली बहीण, वय अडुसष्ट, आवाज पंचवीसचा. दुकानदाराने रस्त्याची चौकशी केली आणि दोन सायकली पुढे आणल्या.

"ग्रॅव्हल बाइक म्हणतात या जातीला. डांबरावर पळते, खडीवर अडत नाही."

"हँडल का असं मेंढ्याच्या शिंगासारखं? पडली होती का कुठे?" ताईने विचारलं.

"तसंच असतं ते, आजी."

"आजी कुणाला म्हणतोस? टक्कल तुला पडलंय. ताई म्हण."

"बरं, ताई."

"हिचा स्टँड कुठाय?"

"स्टँड येत नाही हिला."

"घंटी?"

"ती वेगळी घ्यावी लागते."

"एवढ्या किमतीची वस्तू, धड उभी राहत नाही, तोंडातून शब्द काढत नाही! मग करते काय?"

"पळते, ताई."

पट्टीवाले काउंटरवर रचलेल्या टायरांकडे पाहत होते. दुकानामागे डांबरी गल्ली होती आणि पुढे एका मोकळ्या प्लॉटवर खडी अंथरलेली. "दोन्हीवर चालवून बघा काका," दुकानदार म्हणाला.

पहिलीचे टायर रुंद, गुबगुबीत, आणि पुढे धक्के गिळणारे शॉक ॲब्सॉर्बर. पट्टीवाले गेले आणि आले.

"खडीवर कशी वाटली?"

"खडी लागली का मध्ये?"

दुकानदार खूश झाला. "बघा! कळलंसुद्धा नाही!"

दुसरीचे टायर अरुंद, फ्रेम लोखंडी, पुढे शॉक वगैरे काही नाही. या वेळी ते जरा उशिरा आले. उतरले आणि स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहू लागले.

"काय झालं रे?" ताई पुढे आली.

"मुंग्या आल्यात."

"म्हणूनच म्हणतो," दुकानदार म्हणाला, "तुम्ही पहिली घ्या. रोज चोवीस किलोमीटर, त्यात हे वय. पहिलीवर रस्ता जाणवणारच नाही तुम्हाला."

"दुसरी द्या."

"अरे, डोकं फिरलंय का तुझं? हाडं खिळखिळी होतील!"

"ताई, हिच्यावर खडी कुठून सुरू होते ते कळतं."

गेले पाच महिने ताई डबे आणत होती, आणि काय आणू विचारलं की हा 'काहीही' म्हणत होता. आज तो 'दुसरी द्या' म्हणाला होता. ती दुकानदाराकडे वळली. "घंटी फुकट बसवून दे. आणि मला आजी म्हणालास, त्याबद्दल मडगार्डही."

सोमवारी चार पट्ट्या डांबरावरून झाल्या. चौथीनंतर खडी सुरू झाली आणि हँडलमधून वर चढत थेट कोपरापर्यंत पोचली. बरं वाटलं म्हणावं, तर तसं नव्हतं. हात दुखत होते, इतकंच.

पाचवी पट्टी आली. स्टँड नसल्याने सायकल टेकवायला मोठासा दगड शोधण्यात दोन मिनिटं गेली. मग त्यांनी वही काढली आणि सवयीने लिहिलं, 'स्थिर'. बोटांत मुंग्या होत्या, त्यामुळे अक्षर असं वाकडं आलं की आपलंच का ते, म्हणून त्यांनी निरखून पाहिलं. मग पट्टीकडे पाहिलं. पाण्याच्या वर भिंतीला दोन बोटं रुंद ओला पट्टा होता, अजून न वाळलेला. पाणी उतरत होतं.

त्यांनी 'स्थिर' खोडलं. शेजारी लिहिलं, 'एक मीटर अडतीस, उतरतं.'

खाडाखोड केली की बाजूला सही हवी, असा खात्याचा नियम आहे. एकतीस वर्षांत ती वेळ आली नव्हती. अशी सही छोटी करायची असते हे ठाऊक नसल्याने पट्टीवाल्यांनी पगारपत्रकातलं नाव अख्खं लिहून काढलं, समासाबाहेर गेलं तरी थांबले नाहीत.

मग त्यांनी सायकल दगडावरून उचलली. अजून सहा पट्ट्या राहिल्या होत्या.