बागेतल्या घरापाशी बस का थांबायची

छत्रीबाईंनी डोंगरात माणूस ठेवलाय, असं आमच्या बसथांब्यावर कुजबुजलं जायचं. कुजबुजलं म्हणजे काय, तर चहाच्या टपरीपासून तिकीटखिडकीपर्यंत सगळ्यांना नीट ऐकू जाईल, एवढ्याच हळू आवाजात. सुरुवात कुणी केली देव जाणे. तिखटमीठ मात्र ज्याने त्याने आपापल्या घरचं घातलं.

छत्रीबाई म्हणजे आमच्या जुन्या बंदराच्या शहरात पर्यटकांना हिंडवणारी गाइड. मागच्या माणसालाही दिसावी म्हणून नारिंगी छत्री उंच धरून चालायच्या. उंची बेताची, त्यामुळे गर्दीत बाई दिसायच्याच नाहीत, छत्री एकटीच फिरायला निघाल्यासारखी वाटायची. सकाळी तटबंदी, जुनं जकातघर, खाऱ्या वाऱ्याने पोपडे धरलेल्या तोफा. दुपारी बस खाडीच्या कडेने डोंगर चढायची. दोन्ही अंगांना पायऱ्यापायऱ्यांची शेतं, फळबागा, आणि वळणावर मागे वळून पाहिलं की खाली अख्खं शहर समुद्रात पाय सोडून बसलेलं.

जीभ फटकळ. एक गृहस्थ फोटोसाठी तोफेवर चढून बसले, तर म्हणाल्या, “उतरा काका. तिने मोठमोठ्या लढाया सोसल्यात, आता म्हातारपणी तुम्हाला कुठं सोसायला लावता?” गृहस्थांची बायकोच सगळ्यात जास्त हसली. पण तीच बाई, कुणी “मिस्टर काय करतात?” असं विचारलं की “परगावी असतात” एवढं बोलून पुढच्या बुरुजाकडे चालू पडायची. मग कुजबुजीला आणखी काय हवं?

शेवटच्या चढाआधी एका बागेतल्या घरापाशी बस थांबायची. कंपनीच्या कार्यक्रमात हा थांबा कुठेच नव्हता. अंगणात एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून वाट बघत उभा असे.

“साहेब, पाहुणे आणलेत,” बाई म्हणायच्या.

“उशीर केलात बाई. भरतीच्या आत तट बघून व्हायला हवा.”

मग बाई छत्री मिटायच्या. गाइड लोकांत छत्री मिटणं ही साधी गोष्ट नाही. छत्री मिटली म्हणजे आपली माणसं दुसऱ्या गाइडच्या हवाली केली. आता तो बोलणार, आपण ऐकायचं. बाईंनी शहरात कुणासाठीही छत्री मिटली नव्हती. इथे मिटायच्या.

तो माणूस पर्यटकांकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालत शहर दाखवायचा. पण खाली दिसणारं शहर नव्हे! “डावीकडे दीपस्तंभ,” म्हणायचा. डावीकडे लिंबाची झाडं. “समोर गलबतांची गोदी.” समोर गोठा. आणि अंगणाच्या मधोमध हात वर करून सांगायचा, “दरवाजा ठेंगणा आहे. माना खाली घाला.” वर नुसतं मोकळं आभाळ. बाई सगळ्यांच्या आधी वाकायच्या आणि मागे अशा नजरेने बघायच्या, की माणसं हसू गिळून मुकाट्याने वाकायची.

थांब्यावर आम्ही बसच्या ड्रायव्हरमामांना खोदून खोदून विचारलं, “मामा, काय भानगड आहे?”

“माझ्या गाडीला आरसा आहे तो मागचा रस्ता बघायला. लोकांच्या घरात बघायला नाही.”

शेवटी गोष्ट कंपनीच्या मालकांच्या कानावर गेली. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. “त्या घरापाशी गाडी पुन्हा थांबली, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही येऊ नका.”

“फार वेळ जात नाही, मालक.”

“प्रश्न वेळेचा नाही, अब्रूचा आहे.”

“कुणाच्या?”

मालकांनी पंख्याकडे पाहिलं. बाईंचं वय असं, की हे काम गेलं तर दुसरी कुठलीही कंपनी त्यांना दारात उभं करणार नव्हती. ते दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या फेरीला काळा चष्मा लावून मालक स्वतः मागच्या सीटवर. बाईंनी एका नजरेत ओळखलं. “मागच्या साहेबांनी काच उघडावी, खाडीची हवा फुकट आहे,” म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. डोंगर चढताना त्या एकदाही मागे वळल्या नाहीत. बाग आली तशी मामांनी गाडी हळू केली आणि आरशातून बाईंकडे पाहिलं. बाईंनी अंगणाकडे पाहिलं. तो उभा होता, कॉलर नीट करत.

“थांबवा,” बाई म्हणाल्या.

छत्री मिटली. दीपस्तंभ झाला, गोदी झाली. “माना खाली घाला.” सगळे वाकले, मालक ताठ. तो माणूस अदबीने पुढे आला. “साहेब, दगड लागेल हो. मागे एकाला खोक पडली होती.” मालकांची मान कशी वाकली, ते त्यांचं त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

पण सरळ होताच त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “बाई, हा माणूस तुमचा कोण?”

तो बोलता बोलता थांबला. बाईंकडे वळला. मग घराच्या दाराकडे मागे मागे सरकू लागला.

“कुणी नाही,” बाई म्हणाल्या.

मालकांनी चष्मा काढला. आवाज उतरला होता. “विचार करून सांगा. नात्याचा असेल तर हा थांबा कायमचा ठेवतो, माझा शब्द. नाहीतर उद्यापासून घरी बसा.”

बाईंनी छत्रीची मूठ घट्ट धरली. “कुणी नाही, मालक. ओळखीचे आहेत.”

तो दारापासून परत पुढे आला. “बाई नवीन आहेत,” तो पर्यटकांना म्हणाला, “पण शिकतील. चला, बुरुजाकडे.”

दुसऱ्या दिवशी छत्री दुसऱ्याच गाइडच्या हातात होती. बाई आता गावच्या साध्या बसने जातात. अंगणात एकट्याच उभ्या राहून दीपस्तंभ बघतात, गोदी बघतात, सांगितलं की वाकतात. “आज गर्दी नाही,” असं तो म्हणतो.

तो माणूस बाईंचा लग्नाचा नवरा. घर त्याच्या बहिणीचं. दूरच्या दुसऱ्या एका बंदरात तो गाइड होता, आणि बाई हे काम त्याच्याकडूनच शिकल्या. तिथल्या तटावरून तो पडला. ते शहर त्याला दगड न् दगड आठवतं, बायको आठवत नाही. कुणी नातं सांगितलं की तो घाबरतो, खोलीचं दार लावून घेतो आणि जेवत नाही. म्हणून बाईंनी सांगितलं नाही.