दार नसलेल्या वेशीचे सात फोटो

आधीच सांगून ठेवते... हे वाचून झाल्यावर मला लिंबू, अंगारा, ताईत असले उपाय सुचवायला येऊ नका. मी बत्तीस वर्षं एका बांधकाम कार्यालयात नकाशे काढलेत. भिंत सरळ आहे की कललेली, हे मी ओळंबा लावून ठरवते, देवाला कौल लावून नाही. इथे लोक लिहितात ते गूढ अनुभव मी रोज सकाळी चहाबरोबर वाचते आणि निम्म्या लेखकांना मनातल्या मनात चष्म्याचा नंबर तपासायला पाठवते. आता माझीच पाळी आली आहे, तेव्हा हसा खुशाल.

मी जुळे सोलापुरात राहते. रिटायर झाल्यापासून एकच नाद – कमानी, वेशी आणि पूल यांचे फोटो काढणं. बीदर, विजापूर तर झालंच, पण टूरबरोबर तुर्कस्तान, मोरोक्को, बोस्निया, इटलीही केलं. बाकीच्या बायका चॉकलेटं घ्यायला पळायच्या, मी कुठल्यातरी दगडी पुलाखाली ट्रायपॉड लावून बसलेली असायचे. माझा नियम एकच. फ्रेममध्ये एक माणूस हवाच, त्याशिवाय कमान किती उंच आहे ते कळत नाही. त्यासाठी मी पोलिसापासून भाजीवालीपर्यंत कुणालाही उभं केलेलं आहे.

हे सगळे फोटो मी महादेवीला व्हॉट्सॲपवर पाठवायचे. महादेवी माझी आतेबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दुधनीच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात दिलेली. गावाचं नाव देत नाही, तिला तिथंच राहायचंय. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. दोन खोल्यांचं घर, सहा शेळ्या, सकाळ-संध्याकाळ दुधाचा रतीब, एवढाच तिचा संसार. फोटो बघून ती म्हणायची, ‘‘अक्का, जगाच्या दारात जाऊन हुबारतीस. आमच्या वेशीत कवा येनार?’’

तिच्या गावाची वेस खरंच देखणी आहे. काळा दगड, दोन्ही बाजूला बुरूज, मध्ये टोकदार कमान. दारं नाहीत. महादेवी लग्न होऊन आली तेव्हाही नव्हती. दारं ज्यात फिरायची ती भोकं तेवढी दगडात वर-खाली शिल्लक आहेत. आतून थेट गावातला रस्ता जातो, त्यामुळे अडचण अशी की तिथं मिनिटभरसुद्धा रिकामी जागा मिळत नाही. मोटरसायकल, ट्रॅक्टर, शेरडं, काही ना काही मध्ये येतंच.

त्या गावात आषाढातले मंगळवार पाळतात. शेवटच्या मंगळवारी वेशीला आडवी कडुलिंबाच्या डहाळ्यांची दोरी बांधतात आणि दुपारी शिवेवर देवीचा नैवेद्य जाईपर्यंत कुणी आत येत नाही, कुणी बाहेर जात नाही. हे ऐकलं आणि मी म्हटलं, वा! म्हणजे वेस आख्खी सकाळ मोकळी. मी बाहेरच्या बाजूनं येईन, तू आतून कमानीखाली उभी राहा, दोरी कुणी ओलांडायचीच नाही. महादेवी आधी नको म्हणाली. मी चार दिवस फोन करून तिला राजी केलं.

पावसानं दडी मारली होती. सकाळी साडेदहाचं लख्ख ऊन वेशीच्या तोंडावर पडलेलं. मी ट्रायपॉड लावला. महादेवी डोक्यावर पदर घेऊन, नवी इरकल नेसून कमानीखाली आली. आतल्या बाजूला चावडीच्या कट्ट्यावर दोन म्हातारे बसले होते, बाकी चिटपाखरू नाही. पण ती दोरी! नेमकी महादेवीच्या तोंडासमोरून जात होती आणि कमानीची रेष तोडत होती. मी ओरडून सांगितलं, दोन मिनिटं सोड आणि पुन्हा बांध. ती हलेना. मी चिडले. एवढ्या लांब मी काय पाला बघायला आले का, असंही बोलले. मग तिनं एका बाजूची गाठ सोडली आणि दोरी बाजूला टाकली.

मी अकरा फोटो काढले. माझा कॅमेरा जुना आहे, आरशाचा. म्हणजे डोळ्याला दिसतं ते स्क्रीनवरचं नाही, भिंगातून थेट आलेलं. त्या भिंगातून मला महादेवी सगळा वेळ दिसत होती. मध्येच तिनं तळहात माझ्याकडे करून हात वर धरला. मला वाटलं, पुरे म्हणतेय. मीही हात हलवला आणि अजून दोन-तीन काढले. शेवटी तिनं गाठ पुन्हा बांधली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. दोन हाका मारल्या, वळलीसुद्धा नाही. रुसली असेल म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पहिल्या चार फोटोंत वेस, कमानीखाली महादेवी. पाचव्यापासून पुढे दारं लागलेली.

हो, दारं. दोन फळ्या, त्यावर लोखंडी खिळ्यांच्या रांगा, उजव्या फळीत एक बुटका दिंडी-दरवाजा. महादेवी कुठंच नाही. सात फोटो, सातही असेच. मी रात्रभर तेच करत बसले. खिळ्यांच्या सावल्या मोजल्या, त्या बुरुजाच्या सावलीशी तंतोतंत जुळत होत्या. दाराचे कोपरे बरोबर दगडातल्या भोकांवर येत होते. कार्ड नवं करकरीत होतं, त्यात आधीचा एकही फोटो नव्हता. नकाशाच्या माणसाला खोटी रेष दिसते हो... इथं एकही नव्हती.

सकाळी महादेवीला फोन लावला. फोटोंबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त विचारलं, काल न बोलता का गेलीस? ती म्हणाली, ‘‘अक्का, तू दिसंना झालीस की. दार लागलं. अंदार पडला. मी हात लावून बगितलं, लाकूड गार हुतं. परत उजाडलं तशी गाठ बांदली आनि घरला आले.’’

तिनं हात लावला होता आणि मी तिला उलट हात हलवून दाखवत होते. हे मला आजही सहन होत नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आठवड्याभरात गावातल्या पोरांना जुलाब आणि ताप सुरू झाला. पावसाळ्यात पाण्याची टाकी धुतली नाही की दरवर्षी होतो तसाच. पण कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी दोरी सोडताना पाहिलं होतं. लोकांनी महादेवीकडून दूध घेणं बंद केलं. मग चावडीवरून निरोप आला – पुढच्या आषाढापर्यंत तिनं वेशीबाहेर राहावं. सहा शेळ्या घेऊन उघड्या माळावर, छप्पर घालून! आणि मागे रिकामं घर कुणीतरी बळकावलं असतं, हे सांगायला नको.

मी तडक गेले. बहिष्कार घालणं गुन्हा आहे, मी तक्रार करते, असं म्हटलं तर महादेवीनंच हात धरला. ‘‘पोलीस चार दिस येतील, मला हितंच मरायचं हाय.’’ मग भर दुपारी चावडीवर माणसं जमली. मी उभी राहून सांगितलं की दोरी माझ्या सांगण्यावरून सुटली, शिक्षा काय ती मला द्या. टाकीबद्दलही सांगितलं. कुणी ऐकून घेतल्यासारखं केलं नाही. गावातले वडीलधारे मल्लप्पा काका म्हणाले, ‘‘बाई, फोटू काडलाव न्हवं? दाकवा मग.’’

सातही फोटोंच्या प्रिंट माझ्या पिशवीत होत्या. का नेल्या होत्या, मला माहीत नाही. दाखवल्या तर यांना देवी कोपल्याचा पुरावाच मिळणार, लपवल्या तर मी खोटारडी. मी आयुष्यात खोटा नकाशा काढलेला नाही. मी त्या कट्ट्यावर एकेक करून मांडल्या. माणसं वाकून बघू लागली. मल्लप्पा काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. एक बाई खाली बसून नमस्कार करू लागली. मला वाटलं, संपलं. आपणच हिला घालवलं.

तेव्हा महादेवी पुढे आली. माझी ही बहीण चारचौघांत मान वर करून बोलल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं एका फोटोवर बोट ठेवलं.

‘‘काका, हे दार लागलं तवा मी कुटं हुते?’’

‘‘आत हुतीस,’’ काका म्हणाले.

‘‘आईनं मला आत ठिवून दार लावलं. आता तुमी मला भाईर काडनार व्हय?’’

मग मल्लप्पा काका उठले, धोतर झटकलं आणि संध्याकाळी दूध पाठव म्हणाले. माझा कायदा, माझी कबुली, माझी पाण्याची टाकी यातलं काहीही कामाला आलं नाही. टाकी मात्र त्यांनी त्याच आठवड्यात धुतली, हे नमूद करते.

फोटो मी दोन जाणकारांना दाखवले. एक म्हणाला, एडिटिंग सुंदर आहे. दुसऱ्यानं मूळ फाइली तपासल्या आणि नंतर माझे फोन घेणं बंद केलं. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. माझा आजही असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि हे दोन्ही एकाच डोक्यात कसं राहतं ते मला विचारू नका. दुसऱ्याची गाठ मी सोडायला लावली, याची लाज मात्र वाटते. त्याला कुठल्या देवीची गरज नाही.

त्या दिवशी निघताना मी महादेवीला विचारलं, देवीनं तुला आत ठेवलं असं तुला खरंच वाटतं का? ती शेळीला पाला घालत होती.

‘‘मला काय ठावं अक्का,’’ ती म्हणाली. ‘‘मला माजं घर सोडायचं न्हवतं.’’