भाचीच्या गालावरची खूण

नट्यांचे चेहरे गुळगुळीत करून दाखवण्यावर माझं घर चालतं. मासिकाच्या मुखपृष्ठावर जाणाऱ्या चेहऱ्यावर साधी पुटकुळीही ठेवायची नसते. मागच्या वर्षी कुरवंड्याच्या कड्यावर एका नटीचं शूट होतं. ते आटोपून मुंबईला परतण्याऐवजी लोणावळ्यात आपाकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, मुक्कामाला गेलो. तिचं बाजारात बांगड्यांचं दुकान आहे. ती म्हणाली, "पोरीला स्थळ आलंय. एक चांगला फोटो काढून दे."

भाचीच्या डाव्या गालावर जन्मापासून तांबूस डाग आहे, गालभर पसरलेला. सकाळच्या उजेडात, दुकानाच्या दारातच मी तिचा फोटो काढला. ती अगदी मोकळी हसली होती. मग घरी चहा पिता पिता लॅपटॉप उघडला आणि हात सवयीनं चालला. डाग गेला. आपा मागेच उभी होती. तिचे डोळे भरून आले. "असाच राहू दे रे," ती म्हणाली. मी नको म्हणायला हवं होतं. तसाच आपाच्या मोबाइलवर पाठवून दिला.

भाचीनं फोटो पाहिला. "छान आहे मामू. पण ही कोण?"

आपा आणि मी हसलो.

रविवारी बेगडेवाडीहून मुलाकडची माणसं आली. मुलाच्या आईनं भाचीकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाइलवरच्या त्या फोटोकडे. सरबत संपवून निघताना ती आपाला हळूच म्हणाली, "डाग चालला असता आमाला. लपवलात, ते न्हाई आवडलं."

"चुकलं माझं," आपा म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही. मी शेजारीच होतो, सरबताचे रिकामे पेले गोळा करत राहिलो.

ते मनातून जाईना. काही दिवसांनी एकटाच बेगडेवाडीला गेलो आणि डाग मीच पुसला होता, हे खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. पण मुलाचं दुसरीकडे ठरलं होतं.

परतताना दुकानात गेलो. भाची एका बाईच्या हातात बांगड्या भरत होती. ती बाई गेल्यावर मी सगळं सांगितलं.

"लग्नाचं जाऊ द्या," भाची म्हणाली. "एवढंच सांगा मामू, माझ्याकडे बघताना तुम्हालाही आधी डागच दिसतो का?"

"नाही गं," मी म्हणालो. फार पटकन म्हणालो.

तिनं मान हलवली आणि विखुरलेल्या बांगड्या पुन्हा दोऱ्यात ओवायला घेतल्या.