पिवळ्या रंगाची पीएचडी

आमच्या बॉटनी डिपार्टमेंटमध्ये रिझल्ट कमी आणि किस्से जास्त जमतात. दिग्रसच्या कॉलेजात शिकवता शिकवता मी पीएचडी केली, त्यामुळे बहुतेक किश्शांतला येडा मीच!

विषय होता कॅरोटिनॉइड, म्हणजे पानातलं पिवळं-नारिंगी रंगद्रव्य. त्याच्या लांबट रेणूचा आकार बदलला, की पानाची उजेड पकडण्याची रीतही बदलते. एवढंच. यात माझी सहा वर्षं गेली.

*

सुरुवातीलाच रंग वेगळे करायला पालकाचा अर्क फिल्टर पेपरवर चढवला. हिरवा पट्टा आला, पिवळा आला, आणि एक चक्क निळा! पालकात निळं पिगमेंट! मी नाचतच लॅब अटेंडंट वामनभाऊंना पेपर दाखवला.

"सर, खालची रेघ पेन्सिलीनं मारली का पेनानं?"

"पेनानं. का?"

"मंग ह्या पिगमेंटनं त मी रोज सही करतो!"

*

आर्णीहून पानं आणायची तर गार ठेवावी लागत. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसलो. शेजारच्या आजीबाईंनी डबा पाहिला आणि लगेच नातीची बाही वर केली.

"डाक्टरसाहेब, हळू टोचजा. पोरगी भेते."

मी प्रामाणिक माणूस. म्हणालो, "आजी, मी अजून डॉक्टर नाही झालो."

आजींनी झटकन बाही खाली ओढली. "मंग त अजिबात नोको टोचू!"

*

एकदा ऐन रीडिंगच्या वेळी लाईट गेली. मी डोक्याला हात लावून बसलो. आमच्या हेड राठोड मॅडम दारातून म्हणाल्या, "उजेड गेल्यावर झाडं काय करतात, सर?"

"उजेड पकडायचं थांबवतात."

"पण अशी रडत नाहीत ना? चला, चहा घ्या!"

*

महागावच्या शेतकरी मेळाव्यात मला बोलावलं. एका ताईंनी विचारलं, "सर, कपाशीचं पान लाल पडून राह्यलं. काहून?"

लाल रंग माझ्या अभ्यासातला नव्हता. ते सांगायची लाज वाटली, म्हणून पिवळ्या रंगावर वीस मिनिटं बोललो. ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ठीक आहे सर. पानं पिवळी पडली का मंग येतो आमी."

*

शेवटी व्हायवा झाला. बाबा मुद्दाम शेतातून आले, पहिल्या रांगेत बसले. मी सांगितलं, "हा रेणू नुसता सरळ राहिला तर वेगळा वागतो. थोडा वाकला, की पकडलेला उजेड हरितद्रव्याला देण्याची त्याची रीत बदलते. वाकण्यालाच महत्त्व आहे." परीक्षक खूश! सगळं निभावलं होतं.

रिवाज म्हणून त्यांनी विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं?"

कुणी विचारत नसतं. बाबांनी हात वर केला.

"साहेब, तो रेणू वाकते, हे समजलं मले. हा पोरगा आमच्या वावरात कधी वाकन?"

हॉल हसला. परीक्षक नाही हसले. चष्मा पुसून ते माझ्याकडे वळले.

"प्रश्न विषयाला धरून आहे. उत्तर द्या!"